कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१) या भारतीय जीववैद्यकीय संशोधक होत्या. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. मुंबईत भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने सन्मानित केले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

कमल यांचा जन्म पुण्यातील समर्थ कुटुंबात झाला. त्यांचे वडील जीवशास्त्रज्ञ होते व फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे असा त्यांचा कटाक्ष होता. कमल यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झाले. मुलीने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु कमल यांनी दोन्ही बाबतींत वेगळा निर्णय घेतला. फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. त्यानंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशीजनुकशास्त्राचा अभ्यास करून १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

१९३९ साली गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्या मुंबईस आल्या. त्यांना एक पुत्र झाला.

कर्करोग संशोधनाकडे

मुंबईतील परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. कमल रणदिवे याच रुग्णालयात काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी अशा रीतीने मानवी रोगाच्या पेशींकडे वळली. वैद्यकाची पदवी त्यांनी घेतली नाही, पण वडिलांना अभिप्रेत असलेल्या रुग्णसेवेच्या क्षेत्रात त्या वेगळ्या वाटेने पोहोचल्या.

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अधिछात्रवृत्ती मिळवून अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात, योग्य पोषकद्रव्यात जिवंत ठेवणे व वाढवणे. मानवी कर्कपेशींची अखंड वाढणारी पहिली मालिका, जी हेला या नावाने जगभर प्रसिद्ध आहे, ती १९५१ साली गाय यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली.

संशोधनकार्य

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. परदेशातून परतलेल्या रणदिवे यांनी या केंद्रात ज्येष्ठ संशोधक म्हणून प्रायोगिक जीवशास्त्र व ऊतिसंवर्धन यांच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

त्यांच्या संशोधनाचा गाभा स्तनाचा कर्करोग हा होता. एकाच घरातील आई, मुलगी, बहीण यांना हा रोग होत असेल, तर तो रक्ताच्या नात्याने येतो की अन्य कारणाने, हा प्रश्न अनेक कुटुंबांना छळणारा होता. उंदरांमध्ये याचे उत्तर सोपे नव्हते. जॉन बिटनर यांनी १९३६ साली असे दाखवले होते की उंदरांतील स्तनकर्करोगाचा एक घटक मातेच्या दुधातून पिलांकडे जातो. तो विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दिसणारी प्रत्येक गोष्ट आनुवंशिकच असते असे नाही. रणदिवे यांनी अंतःप्रजननाने तयार केलेल्या उंदरांच्या वंशांवर प्रयोग करून आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध तपासला. रक्तकर्करोग व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठीही त्यांनी प्राणी-प्रतिमाने विकसित केली. कुष्ठरोगाशी संबंधित जिवाणूंवरील त्यांच्या मूलभूत कामाचा लसीच्या संशोधनास उपयोग झाला. त्यांचे २०० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

सामाजिक कार्य

१९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. विज्ञान शिकलेल्या स्त्रिया संसार व नोकरी यांच्या ओढाताणीत संशोधनापासून दूर जातात, ही अडचण दूर करणे हा संघाचा एक हेतू होता. परदेशी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी मायदेशी परत यावे, असा त्यांचा आग्रह असे. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची पाहणी केली, तसेच ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक शिक्षण देण्याचे काम केले.

पुरस्कार व सन्मान

१९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नियुक्त केले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने डूडलद्वारे त्यांना अभिवादन केले.

उत्तरकालीन संशोधनाशी संबंध

१९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनकर्करोगाशी निगडित जनुकाचे स्थान १७ व्या गुणसूत्रावर निश्चित केले. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली, तर बीआरसीए-२ हे १९९५ साली ओळखले गेले. त्यामुळे मानवातील आनुवंशिक संबंध रणदिवे यांच्या हयातीतच निर्विवाद ठरला. मात्र स्तनकर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण अशा वारशाविनाच रोगग्रस्त होतात.

या जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांना तरुण वयातच धोका असतो. त्या वयात स्तनाची ऊती दाट असल्याने क्ष-किरण तपासणीत, म्हणजे मॅमोग्राफीत, लहान गाठ दडून राहू शकते. म्हणून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ साली अशा स्त्रियांसाठी मॅमोग्राफीच्या जोडीने दरवर्षी एमआरआय तपासणीची शिफारस केली. या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. कर्करोगाच्या गाठीतील नव्या रक्तवाहिन्या गळक्या असल्याने ते द्रव्य तेथे लवकर साचते आणि गाठ उठून दिसते. शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार चालू असताना पेशी मरू लागल्या की गाठीतील पाण्याच्या रेणूंची हालचाल वाढते. हा बदल एमआरआयमध्ये मोजता येतो आणि उपचार लागू पडत आहे की नाही याचा अंदाज कधीकधी गाठ आकाराने लहान होण्यापूर्वीच बांधता येतो.

असे महागडे यंत्र मोठ्या शहरांपुरतेच मर्यादित राहते; खेड्यातील स्त्रीसाठी प्रशिक्षित हातांनी केलेली स्तनतपासणी हाच पहिला आधार असतो. टाटा स्मारक केंद्राने रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाच्या सहकार्याने ग्रामीण स्त्रियांची कर्करोग तपासणी हाती घेतली. १९६६ साली टाटा स्मारक रुग्णालय व रणदिवे यांचे संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन जी संस्था आकारास आली, ती हीच होय.