जोतीराव फुले आणि सागरापलीकडील एक ग्रंथ

पिंपरीपासून थोड्याच कोसांवर असलेल्या पुण्यात इ. स. १८२७ त माळी कुळात जोतीराव फुले जन्मले. वडिलांनी त्यांस शाळेतून काढिले होते; परंतु गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी वडिलांचे मन वळविले, आणि १८४१ त ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकू लागले.

१८४७ त थॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. पेन मूळचा इंग्रज. १७७४ त तो अमेरिकेस गेला आणि १७७६ च्या आरंभी एक लहान पुस्तक लिहून, जन्माने कोणी राजा होण्यास पात्र ठरत नाही, हे त्याने तेथील सामान्य जनांस साध्या भाषेत पटविले. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले व उत्पन्नकर्त्याने सर्व मनुष्ये समान निर्मिली असे जगास कळविले. ह्याच पेनने पुढे पवित्र शास्त्रावर कठोर टीका केली, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. जोतीरावही बाप्तिस्मा न घेताच १८९० त निवर्तले.

तथापि जे सत्य पटले त्याप्रमाणे ते चालले. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी १८४८ त पुण्यात तशी शाळा काढिली; पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यापायी उभयतांस वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ त त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला.

समानतेची घोषणा करूनही अमेरिकेने गुलामांचा व्यवहार १८६५ पर्यंत राखिला होता. तो मोडण्यास जे झटले त्यांच्या सन्मानार्थ जोतीरावांनी १८७३ त आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. त्याच ग्रंथात त्यांनी आमच्या प्रभूस दीनांचा कैवारी, दुसरा बळीराजा, असे मानिले आहे.

बंधुभगिनींनो, स्वतःचे वचन पाळावयास त्या राष्ट्रास एकोणनव्वद वर्षे लागली. आम्हांस किती लागणार? प्रभुभोजनाच्या मेजाशी आम्ही एक होतो; मात्र घरी सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारितो. बाप्तिस्मा न घेतलेल्या मनुष्याने आपला हौद उघडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आम्ही निदान आपले दार तरी उघडावे, आणि त्यासाठी प्रभू आम्हांस बळ देवो.