प्लेगची पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेणारा माणूस : डॉ. हाफकिन

साप चावला की सरकारी दवाखान्यात जी लस शोधली जाते, लेकरांना जे पोलिओचे डोस पाजले गेले, त्यांच्या खोक्यावर ‘हाफकिन’ हे नाव अनेकांनी वाचलं असेल. पुष्कळांना ते एखाद्या कंपनीचं नाव वाटतं. पण हाफकिन हा हाडामासाचा माणूस होता. सातासमुद्रापलीकडून आला आणि मुंबईत प्लेगशी झुंजला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. हुशारी असूनही ज्यू असल्यामुळे त्यांना तिथे प्राध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलला असता तर वाट मोकळी होती, पण त्यांनी तो बदलला नाही. पुढे ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथेही सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयातलं. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर प्रयोग करायचे, असं चाललं होतं.

त्यातूनच त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. 18 जुलै 1892 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोकांना लस देऊ लागले.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. कडक ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ आणि काही दिवसांत माणूस खलास. लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले आणि रोगही रेल्वेने, बोटीने पसरत गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, बस्स. रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर थोडं तूप सोडायचं म्हणजे जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात, मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण जिवाला काही झालं नाही. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी स्वतःहून पुढे आले त्यांना ती दिली. लस न घेतलेल्यांपेक्षा लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू कमी दिसले.

उंढेरा गावातली परीक्षा

लोकांच्या मनात शंका होत्या. एकीकडे घरात शिरून झडती घेणारे सोल्जर, दुसरीकडे ही सुई. विश्वास बसणार कसा? 1898 मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात हाफकिन यांनी वेगळी तऱ्हा केली. प्रत्येक घरातल्या काही माणसांना लस दिली, काहींना दिली नाही. म्हणजे घर तेच, पाणी तेच, खाणं तेच. नंतर हिशेब केला तर लस न घेतलेले 26 जण दगावले होते आणि लस घेतलेले 3. लस म्हणजे काही अभेद्य कवच नव्हतं, पण फरक डोळ्यांना दिसत होता.

त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते. उंदीर मेला की पिसू त्याला सोडते आणि भूक भागवायला माणसाला चावते. घरात उंदीर पटापट पडू लागले की जुनी माणसं गाव सोडून रानात खोपी घालून राहायची, त्यात तथ्य होतं.

एक बाटली आणि पाच वर्षांचा वनवास

1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा गेली. तिथून लाखो डोस बाहेर पडले. पण 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात घात झाला. एकाच बाटलीतून लस घेतलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना कामावरून दूर केलं.

पुढे बारकाईने पाहिल्यावर वेगळंच समोर आलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची जागा काही पुन्हा मिळाली नाही.

1925 मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. त्यांनी लग्न केलं नव्हतं.

प्लेग मात्र पुरता गेला नव्हता. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले आणि मग गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण सापडले. आज त्यावर अँटिबायोटिक औषधं आहेत, वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. म्हणून घरात, गोठ्यात, धान्याच्या कणगीपाशी एकदम बरेच उंदीर मेलेले दिसले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा.