हुतात्मा अनंत कान्हेरे आणि ब्राउनिंग पिस्तूल

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी रात्री 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाच्या या प्रयोगास येताच एका कोवळ्या तरुणाने त्यांना गोळ्या घालून ठार केले. हा तरुण म्हणजे अनंत लक्ष्मण कान्हेरे.

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात जन्मलेले अनंत शिक्षणासाठी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) राहिले. पुढे नाशिकच्या क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यांच्यावरील खटल्यामुळे जॅक्सन क्रांतिकारकांच्या रोषास पात्र ठरले.

अनंतांच्या हातातील ब्राउनिंग पिस्तूल लहान आणि चपटे, म्हणून अंगरख्यात सहज लपणारे होते. रिव्हॉल्व्हरसारखे फिरते चक्र त्यास नव्हते. काडतुसे मुठीत भरली जात आणि एक गोळी सुटताच दुसरी आपोआप जागेवर येई. अशी वीस पिस्तुले विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठविली होती.

हेच शस्त्र पुढे पुरावा ठरले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनमध्ये अटक झाली व पुढे पन्नास वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली.

अवघ्या अठराव्या वर्षी फासावर गेलेल्या या हुतात्म्याचे नाव नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानास देण्यात आले आहे.