हॅटी मॅकडॅनियल : ऑस्कर मिळाला, टेबल मात्र वेगळेच

२९ फेब्रुवारी १९४० ची रात्र. लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलमधील कोकोनट ग्रोव्ह सभागृहात ऑस्करचा सोहळा सुरू होता. या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता. ‘गॉन विथ द विंड’चे निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना आपल्याच चित्रपटातील एका अभिनेत्रीसाठी हॉटेलकडे खास परवानगी मागावी लागली. परवानगी मिळाली, पण सहकलाकारांच्या टेबलावर बसण्याची नाही. दूर भिंतीलगत एक छोटे टेबल लावून त्यांची आणि त्यांच्या सोबत्याची सोय केली गेली. थोड्या वेळाने सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री म्हणून त्यांचेच नाव पुकारले गेले. हॅटी मॅकडॅनियल. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पुरस्कार घेऊन त्या परत आल्या त्या भिंतीलगतच्या टेबलावरच.

आपल्या चळवळीतील तरुणांना मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स ही नावे ठाऊक असतात. हॅटी मॅकडॅनियल यांचे नाव फारसे कुणी घेत नाही. त्याचे कारणही उघड आहे. त्यांनी पडद्यावर जवळजवळ आयुष्यभर गोऱ्यांच्या घरची मोलकरीण रंगवली आणि त्यासाठी त्यांच्याच समाजाच्या सर्वात मोठ्या संघटनेने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ही टीका रास्त होती का? आमच्या मते ती अर्धी रास्त होती. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांचे आयुष्य नीट पाहायला हवे.

हॅटी यांचा जन्म १० जून १८९३ चा, कॅन्सस राज्यातील विचिटा गावचा. वडील हेन्री आणि आई सुझन, दोघेही गुलाम म्हणून जन्मलेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात हेन्री उत्तरेकडील सैन्यात भरती होऊन गुलामगिरीच्या विरोधात लढले. इथे थोडे थांबावेसे वाटते. महात्मा जोतिराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. ती अर्पणपत्रिका आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. त्या मुक्तीसाठी खुद्द कृष्णवर्णीयांनीही बंदुका उचलल्या होत्या, सुमारे १ लाख ८० हजार जणांनी, हे मात्र आपण क्वचितच आठवतो. हेन्री मॅकडॅनियल त्यांतले एक. लढाईत झालेल्या दुखापतींनी त्यांना पुढे धड अंगमेहनत करता येईना आणि पेन्शनसाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. घर चालायचे ते सुझन यांच्या धुण्याभांड्यांवर. तेरा भावंडांत हॅटी शेंडेफळ.

पुढे कुटुंब कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरला आले. तिथल्या शाळेत गोरी आणि काळी मुले एकत्र शिकत. १९१० साली गोऱ्या स्त्रियांच्या एका दारूबंदी संघटनेने घेतलेल्या काव्यवाचनाच्या स्पर्धेत हॅटी यांनी पदक मिळवले. त्यानंतर शाळा सुटली आणि भावंडांच्या फिरत्या खेळांत त्या गाऊ-नाचू लागल्या. हे खेळ ‘मिन्स्ट्रल शो’ नावाने ओळखले जात. मुळात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून काळ्यांची टवाळी करण्याचा हा प्रकार. नंतर काळ्या कलाकारांनीच तो हाती घेतला, कारण रंगमंचावर त्यांना दुसरी जागाच नव्हती. पहिला नवरा १९१५ मध्ये वारला, भाऊ ओटिस १९१६ मध्ये. विशीच्या दशकात त्या रेडिओवर गायल्या, शिकागोत त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. दोन खेळांच्या मधल्या काळात मात्र लोकांच्या घरची कामे चुकली नाहीत.

१९२९ ची महामंदी आली आणि होते तेही गेले. मिलवॉकी शहरातील एका नाइटक्लबमध्ये त्यांना काम मिळाले ते बायकांच्या स्वच्छतागृहात. टॉवेल द्यायचा, टिप घ्यायची. त्या उत्तम गातात हे मालकाला ठाऊक होते, पण क्लबच्या मंचावर गोरेच कलाकार असत. अखेर आढेवेढे घेत त्याने एकदा गाऊ दिले आणि त्या तिथल्या कायमच्या गायिका झाल्या.

१९३१ मध्ये त्या भाऊ सॅम आणि बहिणींच्या मागोमाग लॉस एंजेलिसला आल्या. सॅम रेडिओवर काम करत होता, त्याच्या ओळखीने हॅटी यांनाही एक कार्यक्रम मिळाला. तो लोकप्रिय झाला, मात्र मानधन इतके तुटपुंजे की धुणीभांडी सुरूच ठेवावी लागली. म्हणजे दिवसा खरी मोलकरीण आणि माइकसमोर विनोदी मोलकरीण. पुढच्या वर्षी चित्रपट मिळू लागले. ‘जज प्रीस्ट’ (१९३४), ‘ॲलिस ॲडम्स’ (१९३५), ‘शो बोट’ (१९३६). त्यातील ‘ॲलिस ॲडम्स’ जरूर पाहावा. ऐपत नसताना बडेजाव मिरवणाऱ्या गोऱ्या कुटुंबाने जेवणापुरती भाड्याने आणलेली मोलकरीण त्यांनी त्यात केली आहे. चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता ती बाई त्या कुटुंबाचा सगळा आव उतरवून ठेवते. दक्षिणेतल्या काही गोऱ्या प्रेक्षकांना ही मोलकरीण फार उद्धट वाटली होती.

मग आला ‘गॉन विथ द विंड’. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट गुलामगिरीचा काळ एखाद्या हरवलेल्या सुखस्वप्नासारखा रंगवतो. त्यातील ‘मॅमी’ ही दाई मालकिणीच्या कुटुंबावर जीव ओवाळून टाकते. तिला स्वतःचे घर नाही, मूल नाही, आडनावसुद्धा नाही. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ‘आनंदी गुलाम’ हे मिथक टिकवण्याचे काम ही प्रतिमा करते. गुलामच खूश असेल तर गुलामगिरीत वाईट ते काय, असा तिचा छुपा युक्तिवाद असतो. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने चित्रीकरणाआधीच आक्षेप घेतले. त्यामुळे काळ्यांसाठी वापरली जाणारी सर्वात हीन शिवी संवादांतून निघाली, कू क्लक्स क्लॅनचा उल्लेखही गेला. तरी मूळ सांगाडा तोच राहिला.

त्या सांगाड्यात हॅटी यांनी काय केले, हे पडद्यावर दिसते. त्यांची मॅमी लाचार नाही. ती रागावते, टोकते, मालकिणीचा खोटेपणा तोंडावर सांगते. चित्रपटाच्या शेवटाकडे मूल गेल्यावर घराची झालेली वाताहत जिना चढता चढता सांगण्याचा एक प्रसंग आहे. ऑस्कर त्या प्रसंगाला मिळाला असे म्हटले तर चूक होणार नाही.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे लागू होते, त्यामुळे चित्रपटातील एकही कृष्णवर्णीय कलाकार तिथे नव्हता. आदल्या संध्याकाळी गोऱ्या उच्चभ्रूंच्या नृत्यसमारंभात जुन्या मळ्याचा देखावा उभारून, गुलामांच्या वेशात एका काळ्या चर्चच्या गायकवृंदाला गायला लावले होते. त्या वृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

ऑस्करने हॅटी यांच्या भूमिका बदलल्या नाहीत. पुन्हा ॲप्रन, पुन्हा डोक्याला रुमाल. अपवाद म्हणावा असा एक, ‘इन धिस अवर लाइफ’ (१९४२). गोऱ्या श्रीमंत मुलीने गाडीखाली माणूस चिरडला आणि आळ घेतला वकिलीचा अभ्यास करणाऱ्या काळ्या मुलावर. त्या मुलाची आई हॅटी यांनी केली. पोलीस काळ्या मुलाचे ऐकूनच घेत नाहीत, हे सांगताना त्यांचा आवाज चढत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. त्यातही त्या मोलकरीणच आहेत, पण या मोलकरणीला मुलगा आहे आणि त्याच्याविषयी स्वप्ने आहेत.

त्याच वर्षी एनएएसीपीचे सचिव वॉल्टर व्हाइट हॉलिवूडमध्ये आले. स्टुडिओंच्या मालकांसोबत बैठका घेऊन त्यांनी मागणी केली की काळ्या माणसाला नोकर आणि विदूषक म्हणूनच दाखवणे थांबवा. मागणी शंभर टक्के योग्य होती. अडचण वेगळीच होती. ज्या काळ्या कलाकारांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांना त्या बैठकांत स्थान नव्हते. मोलकरणीच्या भूमिका गेल्या तर त्याजागी काय येणार, हे कुणी ठरवले नव्हते. व्हाइट स्वतः इतके गोरे, निळ्या डोळ्यांचे होते की अनोळखी माणूस त्यांना श्वेतवर्णीयच समजे. नव्या प्रतिमेसाठी त्यांनी पुढे केलेली गायिका लीना हॉर्न उजळ वर्णाची आणि सडपातळ. सावळ्या, जाड बांध्याच्या, स्वतः घरकाम केलेल्या हॅटी यांना यातला वर्गाचा आणि रंगाचा वास आला, तर तो त्यांचा भ्रम नव्हता. मोलकरीण होण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करणे बरे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर पुढे फार गाजले. विशेष म्हणजे लीना हॉर्नला त्यांनी घरी बोलावून आपुलकीने धीर दिला. तिच्यावर राग काढला नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये घरकामगार बायांबरोबर काम करतो, म्हणून या वादातील आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. त्या काळी अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया घरकामातच होत्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळाचे पेन्शन आणले, पण घरकामगार आणि शेतमजुरांना वगळले. म्हणजे बहुतेक काळ्या कष्टकऱ्यांना वगळले. पडद्यावरच्या मोलकरणीची लाज वाटणे समजू शकते. तिच्या रुमालाआडचे वास्तव मात्र या वादात मागेच राहिले.

आता त्या दुसऱ्या लढाईकडे येऊ, जिच्यामुळे आम्हाला हॅटी मॅकडॅनियल यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागातील एका टेकाडाला ‘शुगर हिल’ म्हणत. मोठमोठे बंगले, आणि त्यांच्या खरेदीखतांत अट अशी की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये, कुणाला राहू देऊ नये. मंदीत पैशाला आलेल्या मालकांनी अट गुंडाळून ठेवली आणि चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय डॉक्टर, व्यावसायिक, कलाकार तिथे घरे घेऊ लागले. हॅटी यांनीही घेतले. शेजारी अभिनेत्री लुईस बीव्हर्स आणि गायिका-अभिनेत्री एथेल वॉटर्स होत्या. काही गोऱ्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेऊन या सगळ्यांना घराबाहेर काढण्याची मागणी केली. पैसे मोजून घेतलेले घर केवळ जन्मामुळे सोडायचे! १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा नाकारली गेली, ते ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हॅटी यांनी माघार घेतली नाही. आपल्या घरी शेजाऱ्यांच्या सभा भरवल्या, लोकांना एकत्र बांधले. वकील होते लोरेन मिलर, स्वतः कृष्णवर्णीय आणि अशा खटल्यांत मुरलेले. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी आधी तो परिसर स्वतः जाऊन पाहिला आणि मग खटला फेटाळला. कायद्यासमोर समान संरक्षण देणारी राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती कृष्णवर्णीयांना पूर्णपणे लागू आहे, असा त्या निकालाचा आधार होता. अडीच वर्षांनी, १९४८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या निकालात अशा वांशिक अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असे सांगितले. त्या लढ्यातही थरगूड मार्शल यांच्यासोबत लोरेन मिलर उभे होते.

पडद्यावर मान खाली घालून उभी राहणारी मोलकरीण आणि न्यायालयात घरासाठी ताठ उभी राहणारी बाई एकच होती.

युद्धानंतर काळ्या कलाकारांच्या भूमिका खरोखरच घटल्या, पण चांगल्या भूमिका आल्या नाहीत. १९४७ मध्ये हॅटी यांनी ‘ब्यूला’ ही रेडिओ मालिका स्वीकारली. ब्यूला ही काळी मोलकरीण, पण आधी तिचा आवाज काढत होते गोरे पुरुष. हॅटी यांनी काम घेताना बजावले की मोडक्यातोडक्या, हास्यास्पद बोलीत संवाद म्हणणार नाही. ही अट मान्य झाली. त्यांना आठवड्याला हजार डॉलर मिळू लागले. राष्ट्रीय रेडिओवर स्वतःची मालिका असलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९५० मध्ये ‘ब्यूला’ टीव्हीवर आली तेव्हा मुख्य भूमिकेत एथेल वॉटर्स होत्या. पुढच्या वर्षी हॅटी आल्या, मोजके सहा भाग चित्रित झाले आणि तब्येत ढासळली. स्तनांचा कर्करोग होता. त्यांची जागा शुगर हिलच्या शेजारीण लुईस बीव्हर्स यांनी घेतली.

२६ ऑक्टोबर १९५२ ला हॅटी गेल्या. वय ५९. हॉलिवूड सिमेट्रीत दफन व्हावे, ही त्यांची अखेरची इच्छा. त्या दफनभूमीने काळ्या माणसाला जागा दिली नाही. त्यांचा देह रोझडेल दफनभूमीत ठेवला गेला. १९९९ मध्ये हॉलिवूडमधील त्या दफनभूमीच्या नव्या मालकांनी त्यांना तिथे हलवण्याची तयारी दाखवली. नातेवाइकांनी त्यांना आहे तिथेच राहू दिले, तेव्हा तिथे नुसते स्मारक उभारले गेले. शुगर हिलही आज पूर्वीसारखे नाही. साठच्या दशकात त्या वस्तीच्या मधोमध सांता मोनिका फ्रीवे काढला गेला. रस्त्यासाठी कुणाची वस्ती फोडायची, हे तिथेही आधीच ठरलेले असते.

दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला, व्हूपी गोल्डबर्ग यांना, अभिनयाचा ऑस्कर मिळाला तो १९९१ मध्ये. मध्ये ५१ वर्षे गेली.

हॅटी यांचा ऑस्कर म्हणजे पुतळा नव्हता. त्या काळी सहाय्यक कलाकारांना छोटा फलक देत. मृत्युपत्रात त्यांनी तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नामवंत विद्यापीठाला दिला. तिथे नाट्यविभागात तो काही वर्षे होता, मग कधीतरी नाहीसा झाला आणि पुन्हा सापडलाच नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला अकादमीने तसाच दुसरा फलक घडवून विद्यापीठाकडे सुपूर्द केला. तो आता तिथल्या ललित कला महाविद्यालयाकडे आहे.