लायनस पॉलिंग कोण होते? एमआरआय, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि आपला सिकलसेल

मी भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरचा. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल म्हणजे काय, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या गरज पडल्यावर किती रुंदावतात, हे एमआरआयवर मोजता येतं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या दोन्ही विषयांच्या मुळाशी एकच शास्त्रज्ञ आहेत, म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊया.

सुरुवातीचं आयुष्य

लायनस पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाला. वडील औषधविक्रेते होते. लायनस ९ वर्षांचे असतानाच ते वारले आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. कॉलेजात शिकता शिकता लायनस स्वतःही शिकवायचे. १९२५ मध्ये त्यांनी कॅल्टेक या संस्थेतून पीएचडी केली आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच काम केलं. अणू एकमेकांना कसे जोडले जातात, हा त्यांचा मुख्य विषय. त्यासाठीच १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रक्त आणि चुंबक

१९३६ मध्ये पॉलिंग आणि त्यांचे सहकारी चार्ल्स कॉरिएल यांनी रक्तातलं हिमोग्लोबिन चुंबकाजवळ तपासलं. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन किंचित ओढलं जातं, असं त्यांना आढळलं. तेव्हा एमआरआय मशीन अस्तित्वातही नव्हतं!

१९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी याच गुणधर्माचा उपयोग केला. ऑक्सिजन सोडलेलं रक्त आसपासचं चुंबकीय क्षेत्र थोडं बिघडवतं, त्यामुळे तिथला एमआरआय सिग्नल कमी होतो. ताजं रक्त आलं की सिग्नल वाढतो. म्हणजे रंगद्रव्याचं इंजेक्शन न देताही रक्तातला बदल दिसतो.

आता तपासणी कशी होते ते बघा. पेशंट मशीनमध्ये असताना मास्कमधून साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा थोडा वेळ देतात, किंवा काही सेकंद श्वास रोखून धरायला सांगतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त जास्त येतं, पण मेंदूचा ऑक्सिजनचा खर्च फारसा बदलत नाही. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेलं रक्त वाहून जातं आणि सिग्नल वाढतो, तोही जेमतेम काही टक्के. जिथं तो वाढत नाही, तिथल्या रक्तवाहिन्यांकडं राखीव ताकद उरलेली नाही असं समजायचं. कधी कधी तर एखाद्या भागात सिग्नल उलट घटतो, कारण शेजारच्या रुंदावलेल्या वाहिन्या त्याच्या वाट्याचं रक्त ओढून घेतात.

सिकलसेलचं कोडं

१९४५ मध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून पॉलिंगना कळलं, की सिकलसेलच्या रुग्णांच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी झाल्यावर विळ्यासारख्या वाकतात. दोष हिमोग्लोबिनमध्येच असणार, हे त्यांनी लगेच ताडलं. १९४९ मध्ये त्यांच्या गटानं इलेक्ट्रोफोरेसिसनं ते सिद्ध केलं. विद्युत क्षेत्रात रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळं सरकतं आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडतात. एका रेणूतल्या बिघाडानं आजार होतो, हे पहिल्यांदाच दिसलं. आपल्याकडं सिकलसेलचं निदान पक्कं करायला आजही इलेक्ट्रोफोरेसिस वापरतात.

सिकलसेलमध्ये रक्त ऑक्सिजन कमी नेतं, म्हणून मेंदूच्या वाहिन्या आधीच रुंदावून जास्त रक्त आणत असतात. ताप किंवा रक्तक्षय वाढला की आणखी रुंदावायला जागाच राहत नाही. लहान मुलांनाही पक्षाघात होतो, त्यामागचं हे एक कारण आहे. धोका ओळखण्यासाठी मुलांची डॉप्लर तपासणी करतात. कार्बन डायऑक्साइड देऊन केलेला एमआरआय सिकलसेलमध्ये अजून मुख्यतः संशोधनासाठीच वापरला जातो.

मोठा माणूस, मोठ्या चुका

पॉलिंग यांनी अणुचाचण्यांविरुद्ध हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या आणि त्यांना १९६२ चं शांततेचं नोबेलही मिळालं. पण पुढं भरमसाट व्हिटॅमिन सी घेण्याचा जो प्रचार त्यांनी केला, त्यातले कॅन्सरबद्दलचे दावे चाचण्यांत टिकले नाहीत.

मला जास्त खटकते ती १९६८ मधली त्यांची सूचना. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये, म्हणून वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी असं त्यांनी सुचवलं होतं. आपल्या भागात वाहक असल्याचं कळलं की मुलीचं जुळलेलं लग्न मोडतं, ते बघितलं की ही सूचना किती क्रूर होती ते कळतं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन सामान्य असेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. ही माहिती समुपदेशनातून द्यायची असते आणि ती गुप्त ठेवायची असते.

१९ ऑगस्ट १९९४ रोजी पॉलिंग यांचं निधन झालं. त्यांचं विज्ञान आपण जरूर घ्यावं, ती कपाळावरची खूण मात्र नको. तुमची सिकलसेल तपासणी झाली नसेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन करून घ्या, लग्न ठरायच्या आधीच.