घरी परतले तोच दिवस झाला स्वातंत्र्यदिन: नाउरूच्या हॅमर डिरोबर्ट यांची गोष्ट

३१ जानेवारी १९४६. प्रशांत महासागरातल्या नाउरू नावाच्या छोट्याशा बेटावर एक जहाज पोहोचलं आणि त्यातून ७३७ माणसं उतरली. जपानी सैन्याने या बेटावरून नेली होती १,२०० माणसं. बाकीची कधीच परतली नाहीत.

युद्ध संपून तोवर पाच महिने होत आले होते. कागदोपत्री नाउरू कधीच मुक्त झालं होतं. पण इथल्या लोकांसाठी युद्ध संपलं ते या दिवशी.

हे सगळं भोगून परतलेल्यांमध्ये २३ वर्षांचे एक शिक्षक होते, हॅमर डिरोबर्ट. पुढे ते नाउरूचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यासाठी तारीख निवडली गेली ३१ जानेवारीच. हीच तारीख का, याचं उत्तर डिरोबर्ट यांच्या आयुष्यात सापडतं.

इवलंसं बेट, तरी सगळ्यांना हवं

नाउरूचं क्षेत्रफळ फक्त २१ चौरस किलोमीटर. गाडीने अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालायला अर्धा तास पुरतो. पण या बेटाच्या पोटात उत्तम दर्जाचं फॉस्फेट होतं. फॉस्फेट म्हणजे खत, आणि खत म्हणजे शेती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना ते हवंच होतं.

आधी जर्मनीने हे बेट ताब्यात घेतलं. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाकडे गेलं. त्यानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनमार्फत इथल्या खाणी चालवल्या. फॉस्फेट बाजारभावापेक्षा स्वस्तात जहाजांवर चढत होतं आणि ज्यांची जमीन खणली जात होती त्यांच्या हातावर अगदी किरकोळ रक्कम टेकवली जात होती.

अशा बेटावर २५ सप्टेंबर १९२२ रोजी डिरोबर्ट यांचा जन्म झाला. तेव्हा नाउरूवासी एका मोठ्या धक्क्यातून सावरत होते. १९२० च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जवळपास १८ टक्के लोक दगावले होते. लोकसंख्या १,५०० च्या खाली गेली तर आपला समाजच टिकणार नाही, अशी भीती होती. १९३२ मध्ये तो आकडा पुन्हा गाठणारं बाळ जन्मलं आणि बेटावर जल्लोष झाला. हा दिवस आजही अंगाम म्हणून साजरा होतो.

डिरोबर्ट शिकायला ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगला गेले आणि परत येऊन शिक्षक झाले.

युद्ध दारात आलं

डिसेंबर १९४० मध्ये जर्मन युद्धनौकांनी नाउरूजवळ फॉस्फेटची जहाजं बुडवली आणि बेटावर तोफा डागल्या. वर्षभराने जपान युद्धात उतरला आणि त्याची विमानं बॉम्ब टाकू लागली. फेब्रुवारी १९४२ मध्ये एका फ्रेंच युद्धनौकेने बहुतेक युरोपीय आणि अनेक चिनी कामगारांना बाहेर काढलं. नाउरूवासी मागेच राहिले. प्रशासक फ्रेडरिक चाल्मर्स आणि आणखी काही ऑस्ट्रेलियन स्वतःहून थांबले.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस जपानी सैन्य उतरलं. लोकांना जुंपून धावपट्टी बांधली गेली. मार्च १९४३ मध्ये अमेरिकन विमानांनी ती धावपट्टी फोडली. त्याच सुमारास चाल्मर्स आणि इतर चार ऑस्ट्रेलियनांना ठार मारण्यात आलं. जुलैमध्ये कुष्ठरोग झालेल्या ३९ जणांना बोटीत बसवून समुद्रात नेलं आणि बुडवून मारलं.

बेटावर सैनिक आणि मजूर वाढत गेले, अन्न पुरेनासं झालं. मग १९४३ मध्ये १,२०० नाउरूवासीयांना जहाजांत भरून सुमारे १,६०० किलोमीटर दूर, जपानचा मोठा नौदल तळ असलेल्या ट्रुक बेटांवर मजुरीसाठी नेलं. तेव्हा नाउरूवासीयांची एकूण संख्या होती सुमारे १,८००. म्हणजे दर तीन माणसांमागे दोन माणसं गेली. डिरोबर्ट त्यांच्यातच होते.

मुक्त बेट, पण माणसं कुठे?

फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकेने ट्रुकवर प्रचंड हवाई हल्ला केला आणि तिथली रसद तुटली. आता अन्न आधी जपानी सैनिकांना, उरलंच तर मजुरांना. भूक, आजार आणि कष्ट यांत माणसं मरत गेली. १९३२ साली जिच्या जन्माचा जल्लोष झाला होता, ती मुलगीही ट्रुकवरच गेली.

नाउरूवर मात्र दोस्तांची फौज उतरलीच नाही. अमेरिकेने शेजारच्या गिल्बर्ट बेटांवर चढाई केली आणि नाउरूला बॉम्बहल्ले करत तसंच मागे सोडलं. शेवटी १३ सप्टेंबर १९४५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या डायमँटिना या युद्धनौकेवर इथल्या जपानी कमांडरने शरणागती पत्करली.

बेट सुटलं, पण बहुतेक लोक अजून ट्रुकवरच होते. त्यांना घरी यायला पुढचा जानेवारी उजाडला. लोकसंख्या पुन्हा १,५०० च्या खाली गेली होती आणि तो आकडा गाठायला १९४९ साल यावं लागलं.

पर्यायी बेटाला नकार

युद्धानंतर ऑस्ट्रेलियाचं प्रशासन परतलं आणि खाणीही सुरू झाल्या. डिरोबर्ट शिक्षण खात्यात काम करू लागले. १९५५ मध्ये ते स्थानिक परिषदेवर निवडून गेले आणि पुढच्याच वर्षी तिचे प्रमुख झाले.

तेव्हा त्यांच्यासमोर मोठा पेच होता. फॉस्फेट काही दशकांत संपणार होतं. ते काढल्यावर मागे उरत होते चुनखडीचे उंच, धारदार सुळके, ज्यांच्यावर ना शेती करता येते ना घर बांधता येतं. ऑस्ट्रेलियाने तोडगा सुचवला की सगळ्या नाउरूवासीयांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर राहायला जावं.

घरं, नोकऱ्या, नागरिकत्व सगळं मिळणार होतं. फक्त स्वतःचं वेगळं राष्ट्र म्हणून जगता येणार नव्हतं. वाटाघाटी झाल्या आणि १९६४ मध्ये डिरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली नाउरूने प्रस्ताव फेटाळला. एकदा बळजबरीने परमुलखात नेलं गेलेला समाज पुन्हा घर सोडायला तयार नव्हता, मग जागा कितीही चांगली असो.

त्यानंतर मागण्या दोनच राहिल्या: स्वातंत्र्य आणि खाणींची मालकी. ३१ जानेवारी १९६८ रोजी, ट्रुकहून परतल्याला बरोबर २२ वर्षं झाली त्या दिवशी, नाउरू जगातलं सर्वांत लहान प्रजासत्ताक झालं. १९७० मध्ये खाणींचा पूर्ण ताबाही मिळाला. त्यासाठी देशाने २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. आपल्याच जमिनीतलं फॉस्फेट काढण्यासाठी!

श्रीमंती आणि हिशेब

पुढची काही वर्षं नाउरू दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक होता. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाऊस उभं राहिलं, स्वतःची विमान कंपनी आली.

डिरोबर्ट यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही इथेच आहे. मधले थोडे काळ सोडले तर १९६८ पासून १९८९ पर्यंत तेच राष्ट्राध्यक्ष होते. विमान कंपनी तोट्यात उडत राहिली, गुंतवणुका फसल्या. ज्या खाणकामामुळे बेट उजाड होत होतं, ते स्वतंत्र नाउरूनेही थांबवलं नाही. डिरोबर्ट यांच्यानंतर काही वर्षांत तिजोरी रिकामी झाली आणि नाउरू हाऊसही विकावं लागलं.

पण एक हिशेब त्यांनी सोडला नाही. स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या जमिनीची भरपाई ज्यांनी खणली त्यांनीच करायला हवी, ही त्यांची भूमिका होती. मे १९८९ मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावामुळे डिरोबर्ट यांचं पद गेलं, पण खटला सुरू राहिला.

२६ जून १९९२ रोजी न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे मुख्य आक्षेप फेटाळले आणि खटला चालणार हे नक्की झालं. तीन आठवड्यांनी, १५ जुलैला, मेलबर्नमध्ये डिरोबर्ट यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड केली आणि १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं.

जपानी कमांडरने शरणागती पत्करली ती तारीख होती १३ सप्टेंबर. नाउरूला तोही दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून निवडता आला असता. पण त्या दिवशी बेटाचा ताबा एका परक्या सैन्याकडून दुसऱ्याकडे गेला होता. नाउरूची माणसं नाउरूवर आली ती ३१ जानेवारीला.