गवळणींचं ऐकणारा डॉक्टर
आईच्या दंडावरचे देवी टोचल्याचे वण आठवतात ना? त्यांचं मूळ इंग्लंडातल्या बर्कली गावात आहे. तिथले डॉक्टर एडवर्ड जेन्नर (१७४९-१८२३). गवळणींना गायीच्या देवी येऊन गेल्या की माणसांच्या देवी येत नाहीत, असं खेड्यापाड्यांत बोललं जायचं. जेन्नरनी ते ताडून पाहिलं. १४ मे १७९६ला सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस माळ्याच्या आठ वर्षांच्या जेम्सला टोचली. जुलैत खऱ्या देवीही टोचून पाहिल्या! माझ्या तर अंगावर काटाच येतो. पण पोराला काही झालं नाही. मग बागेतल्या झोपडीत जेन्नर गोरगरिबांना फुकट टोचू लागले. १८०२मध्ये बगदाद-बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, ती लस आपल्या मुंबईत पोचली. जेम्सला पुढे त्यांनी गावातच बिनभाड्याचं घर दिलं.